विंटर हा शब्द वगळून

वेझिवे म्बांडेने आयुष्यात एकदाच एका हजर मुलीला गैरहजर मांडलं. ही गोष्ट ती स्वतःच सांगायची, तीही शेजारणीची फजिती सांगावी तशा सुरात. पण सांगता सांगता एका ठिकाणी ती उठून खिडकी लावून घ्यायची. केप टाउनचा वारा कुणालाही खिडकी लावायला लावतो, त्यामुळे कुणी काही विचारत नसे.

गुगुलेथूच्या वस्तीत तिचं दोन खोल्यांचं घर होतं. वीस-बावीस वर्षं तिने तिथल्याच प्राथमिक शाळेत मुलं हाकली. तिच्या हाताखालून गेलेले बाप्ये, आता टॅक्सी चालवणारे, मिशा राखलेले, ती रस्त्याने येताना दिसली की सिगारेट पाठीमागे धरायचे. लग्न तिने केलं नाही. कुणी खोदून विचारलंच तर म्हणायची, "मोजून पाहिलं, पुरुष कमी भरले." मोजणं हा तिचा स्वभावच होता. चर्चमध्ये बाक मोजायची, पिशवीतले बटाटे मोजायची, मयताला आलेली माणसं मोजायची. तिला मामतोलो म्हणत, म्हणजे तोलो कुळाची लेक. कुळाच्या नावानेच हाक मारायची आमच्याकडे रीत आहे.

सत्त्याऐंशी साली डोंगराच्या उतारावरच्या विद्यापीठाने एक निराळी परीक्षा काढली. काळ्या मुलांच्या शाळांत साठ जणांत एक पुस्तक, गणिताचा मास्तर वर्षातले चार महिने जागेवर नाही, आणि मग मॅट्रिकचे मार्क बघून त्यांना ढ ठरवायचं. ते मार्क मुलाचे नसतात, शाळेचे असतात, एवढी साधी गोष्ट कुणाच्या तरी डोक्यात शिरली एकदाची. नव्या परीक्षेत शाळेने काय शिकवलं हे विचारायचंच नाही. वहीतच एक नवा धडा द्यायचा, थोडं शिकवायचं, मग विचारायचं, पुन्हा थोडं शिकवायचं आणि शेवटी त्यावर निबंध लिहायला सांगायचं. तीन तासांत पोर किती शिकलं ते बघायचं, बस्स.

या कामाची प्रमुख होती मिस अॅश्बी, चष्मा केसांत अडकवून तोच शोधणारी गोरी बाई. वह्या घेऊन गावोगावच्या शाळांत जायला तिला कुणीतरी कडक माणूस हवं होतं. मुलाखतीत तिने वेझिवेला सगळं समजावून सांगितलं. वेझिवे ऐकून घेऊन म्हणाली, "म्हणजे पोर काय शिकू शकेल ते बघायचं. छान आहे. मला पस्तीस वर्षं उशीर झाला." तिला डॉक्टर व्हायचं होतं. हे तिने मिस अॅश्बीला सांगितलं नाही, आणि मिस अॅश्बीने विचारलंही नाही.

तेव्हापासून ती फिरायला लागली. सूचना कागदावर असतील त्याच शब्दांत वाचायची, एक शब्द इकडचा तिकडे नाही. किती वह्या नेल्या, किती आणल्या, याचा हिशोब पक्का. आणि परीक्षा चालू असताना पोरांच्या वहीत ती कधी डोकावली नाही. तिचं म्हणणं, डोकावलं की माया वाटते, आणि माया वाटली की माणूस खाणाखुणा करतो.

एक्क्याण्णव सालच्या सप्टेंबरात ती एमाफुसिनीला गेली. ट्रान्सकायमध्ये, म्बाशे नदीच्या वरच्या अंगाला डोंगरावर वसलेलं गाव. सकाळचे दहा वाजले होते तरी धुकं उठलं नव्हतं. शाळा कुठे आहे ते गाडीवाल्याला दिसेना, म्हणून त्याने गाडी थांबवून हाका मारल्या. उत्तर आलं ते अगदी हाताच्या अंतरावरून. भिंत समोरच होती.

हेडमास्तर फेझिले मन्याणी दारात उभा होता. अंगाने काटकुळा, कोटाचं एक बटण निराळ्या रंगाचं. वर्गात मुलं बसलेली, आणि फळ्याच्या बाजूला खुर्चीवर एक म्हातारा, दोन्ही हात काठीवर. त्याच्या दोन्ही डोळ्यांवर दुधासारखी पांढरी साय आलेली.

"हे ताता विंटर सोंडलो," मास्तर म्हणाला. "शाळेची जमीन यांनी दिली. केप टाउनहून पाहुणी येणार म्हटल्यावर आलेत."

"बसू दे मला, मामतोलो," म्हातारा म्हणाला. "दिसत तर काही नाही. पोरं लिहितात त्याचा आवाज ऐकीन म्हणतो."

नियमात बसणारं नव्हतं. पण गावच्या वडीलधाऱ्याला त्याच्याच जमिनीवरून उठ म्हणायला तोंड कुणाचं होणार? वेझिवेने मान डोलावली आणि हजेरी घ्यायला सुरुवात केली. यादीत चाळीस नावं होती. एकेक पोर "येस मिस" म्हणत गेलं. तेविसावं नाव आलं.

"वतीस्वा मगादला."

वर्गाची चुळबूळ एकदम थांबली. कुणी येस म्हटलं नाही, नोही म्हटलं नाही. पोरांनी माना खाली घातल्या, सगळ्यांनी एकदम. वेझिवेने पुन्हा नाव घेतलं. धुकं बिनकाचेच्या खिडकीतून आत येत होतं आणि मागच्या रांगेतल्या पोरांचे चेहरे त्यात पुसट झाले होते.

"त्या नावाचं इथे आता कुणी नाही, मिस," मास्तर हळूच म्हणाला.

त्याच्या सुरावरून वेझिवेला वाटलं ते वाटलं. पोरगी वारली असणार. फॉर्म एप्रिलमध्ये भरले होते, मधे आजार यायला कितीसा वेळ लागतो? अशा वेळी चार लोकांत चौकशी करत नाहीत. तिने नावापुढे गैरहजर लिहिलं आणि पुढचं नाव घेतलं.

मास्तरने वह्या वाटल्या आणि तीन तास सुरू झाले. वहीतला धडा हिवाळ्यावर होता. इंग्रजीतलं शीर्षक होतं, 'विंटर कसा निभावतात'. बर्फाच्या देशात प्राणी काय करतात, झाडं काय करतात, मग एक तक्ता, मग प्रश्न, आणि शेवटी तुमच्या गावातल्या विंटरवर निबंध.

दार उघडून भिंतीला टेकवलेलं होतं, आणि त्याच्या मागे जमिनीवर एक नवी सून बसली होती. म्हाताऱ्यासाठी चहाची किटली घेऊन आलेली. निळ्या छपाईचा पायघोळ झगा, खांद्यांवर घोंगडी, काळा रुमाल भुवयांपर्यंत ओढलेला, मांडीवर काहीतरी झाकलेलं. वेझिवेची नजर तिच्याकडे गेली आणि लगेच वळली. नव्या सुनेकडे टक लावून बघायचं नसतं, तिचं नावगाव विचारायचं नसतं. लहानपणी आईने याच कारणासाठी तिच्या दंडाला चिमटा काढला होता. त्यानंतर तिला फक्त दाराखालून बाहेर आलेले दोन पाय दिसले, टाचा भेगाळलेल्या.

दीडएक तास झाला असेल. वर्गात पेन्सिलींच्या खरखरीखेरीज आवाज नव्हता. म्हाताऱ्याने मान तिरकी केली.

"मास्तर," तो म्हणाला, "चाळीस आहेत."

"काय, ताता?"

"पेन्सिली. चाळीस चालल्यात."

वेझिवेने हातातली यादी पाहिली. तिने डोकी मोजली. एकोणचाळीस. पुन्हा मोजली, रांगेने, मग उभी. एकोणचाळीसच. मास्तर खिडकीबाहेर बघत होता, जिथे बघण्यासारखं धुक्याशिवाय काही नव्हतं. म्हातारं माणूस आहे, तिने स्वतःची समजूत घातली, कान वाजत असतील. पण नंतरचा दीड तास ती वर्गाकडे पाठ करून उभी राहिली नाही.

वेळ संपल्यावर मास्तरने वह्या गोळा केल्या. तिने चाळीस आणल्या होत्या, चाळीस परत मिळाल्या. एकोणचाळीस लिहिलेल्या, एक कोरी असणार. आकडा जुळला आणि मोजणाऱ्या बाईचं समाधान झालं. तिने वह्या उघडून पाहिल्या नाहीत. पिशवीला सील लावलं, आणि गाडी धुक्यात शिरली.

ऑक्टोबरच्या शेवटी केप टाउनच्या ऑफिसात वह्या तपासून झाल्या. गैरहजरांच्या यादीशी ताळा घालण्याचं काम वेझिवेकडे होतं. एमाफुसिनीचा गठ्ठा तिने सोडला. तेविसाव्या नंबरला वही होती. कोरी नव्हती. पहिल्या पानावर नाव लिहिलेलं होतं, वळणदार, न घाबरता लिहिलेलं. वतीस्वा मगादला.

दुपारचे दोन वाजले होते, ऑफिसात माणसं होती, कुणीतरी हसत होतं, आणि वेझिवे ते नाव पुन्हा पुन्हा वाचत होती. मेलेल्या पोरीने तीन तास बसून पेपर सोडवला होता. तिने वही पालथी घातली, जाऊन चहा केला, त्यात साखर घालायची विसरली आणि तसाच प्यायली.

मिस अॅश्बीला हे कळल्यावर तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मार्क भलतेच चांगले आहेत, वेझिवे. तीनशे मुलांत दुसरी. पण तुझी नोंद म्हणते गैरहजर. म्हणजे तिच्या जागी दुसऱ्याच कुणीतरी लिहिलंय. अशी वही बाद करावी लागते."

"आणि नोंद चुकली असेल तर?"

"तुझी?" मिस अॅश्बी हसली. मग गंभीर झाली. "तर तू लिहून दे. मी या मुलीला पाहिलं, फोटोशी ताडून पाहिलं, वही तिचीच आहे. पालकाचा अंगठा आण. पंधरा नोव्हेंबरच्या आत आलं तर जागा तिची. नाहीतर ती जागा यादीतल्या पुढच्या मुलाला जाईल."

वेझिवे जागेवर आली. डोकावायचं नाही हा चार वर्षांचा नेम तिने त्या दिवशी मोडला. वही उघडली आणि निबंध वाचला.

पहिल्यांदा वाचताना नुसतंच काहीतरी खटकलं, बिनमिठाच्या घासासारखं. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं. हिवाळ्यावरच्या चार पानी निबंधात विंटर हा शब्दच नव्हता. एकदाही नाही. प्रश्नपत्रिकेतलं शीर्षक उतरवून काढायचं होतं तिथेसुद्धा मुलीने मोकळी जागा सोडली होती. बाकी ठिकाणी लिहिलं होतं, 'गुरं वाऱ्याकडे पाठ करून उभी राहतात तेव्हा', 'पायवाट सकाळी पांढरी असते त्या दिवसांत'. एका ठिकाणी होतं, 'ज्याचं नाव मी घेत नाही तो डोंगरावरून उतरतो. तो येतो तेव्हा घरातल्या बायका हळू बोलतात. तो कुणाला मारत नाही. तो नुसता बसतो, आणि सगळे त्याच्याभोवती जपून वागतात.' तपासणाऱ्याने बाजूला तांबड्या शाईने शेरा मारला होता, 'नेमका शब्द माहीत नाही'.

"माहीत नाही म्हणे!" वेझिवे मोठ्याने म्हणाली, आणि शेजारची टायपिस्ट दचकली.

माहीत नसायला काय झालं? सून सासऱ्याचं नाव घेत नाही. नावच काय, नावासारखा वाजणारा शब्दही तोंडातून काढत नाही. ह्लोनिफा म्हणतात त्याला, आणि खेड्यात ते अजून कडक पाळतात. म्हाताऱ्याचं नाव विंटर. पोरगी जिवंत होती. तिचं लग्न झालं होतं, आणि ती दाराआड जमिनीवर बसून तीन तास लिहीत होती, आणि वेझिवेने रीत सांभाळायची म्हणून तिच्याकडे पाहिलं नव्हतं. नुसत्या भेगाळलेल्या टाचा पाहून मुलगी ओळखली अशी सही कशी करणार?

"मी पाहिलं" असं खोटं लिहून देता आलं असतं. तिने कागद पुढे ओढलादेखील. मग तिने तो दुमडून पर्समध्ये ठेवला आणि रजेचा अर्ज लिहिला.

बसने एक अख्खा दिवस आणि एक अख्खी रात्र, मग उघड्या टेम्पोतून चार तास. अकरा नोव्हेंबरला ती एमाफुसिनीच्या शाळेत पोचली. मास्तर मन्याणी तिला बघून उठून उभा राहिला. तो काही बोलण्याआधीच ती सुरू झाली.

"तोंडावर सांगितलंत मला, त्या नावाचं कुणी नाही म्हणून!"

"खोटं कुठे सांगितलं, मिस? जूनमध्ये लग्न झालं. मुलाकडच्या लोकांनी विहिरीवरूनच उचलून नेलं, तिच्या बापाला आधी ठाऊक होतं. सासरी नवं नाव ठेवलं, नोलुसाफो. जुनं नाव आता कुणी घ्यायचं नाही. तुम्ही चाळिसावी मुलगी कुठे आहे असं विचारलं असतंत तर मला अडचण झाली असती."

"तुम्ही वकील व्हायला हवं होतं, मास्तर."

"तुमची परीक्षा उशिरा निघाली," मास्तर म्हणाला. "वही मीच ठेवली तिच्या पुढ्यात, किटलीखाली. घरी कुणाला पत्ता नाही. नवरा खाणीत आहे, डिसेंबरात येईल. म्हाताऱ्याने परवानगी दिली नाही तर इथेच संपलं सगळं. आणि तो द्यायचा नाही. लिहायला शिकलेल्या सुना मान राखत नाहीत, हे तो गावभर सांगत असतो."

"त्याची परवानगी मला नकोच. अंगठा हवाय."

"मिस, तो अंगठा त्याच्याच हाताला आहे."

सोंडलोंची घरं डोंगराच्या कडेला होती. पाच गोल झोपड्या, निळसर रंग दिलेल्या, साऱ्यांची तोंडं गुरांच्या कुंपणाकडे. कुंपण आणि घरं यांच्यामधलं अंगण मोकळं होतं. त्या घराचे पूर्वज कुंपणापाशी असतात, म्हणून सुनांनी त्या अंगणातून जायचं नाही, घरांच्या मागून जायचं. वेझिवे आली तेव्हा दुपार होती, आणि नदीकडून धुकं वर चढत होतं. कुत्रं भुंकलं नाही, नुसतं बघत राहिलं. कोंबड्यासुद्धा गप्प होत्या. घरांच्या मागच्या बाजूला काहीतरी निळं हललं आणि थांबलं.

म्हातारा दारासमोर बसला होता. त्याची बायको मामबेले मक्याचे दाणे कांडत होती. तिने पाहुणीला आंबट दूध दिलं, ख्यालीखुशाली विचारली. मग वेझिवेने विषय काढला.

"मी वतीस्वा मगादलाला भेटायला आले."

मुसळ थांबलं. "ती गेली," मामबेले म्हणाली. "बकरी कापली, मांस भरवलं, नाव पुरलं. तुम्ही मेलेल्या पोरीला कशाला हाका मारताय, मामतोलो? ऐकून कुणीतरी उठून यायचं."

दिवसाढवळ्या, दोन माणसांच्या देखत, वेझिवेला भीती वाटली. ती म्हणाली, "तिने पेपर लिहिलाय. तीनशे मुलांत दुसरी आली. केप टाउनला तिची जागा आहे, अजून चार दिवस. मला तिचा चेहरा बघायचाय, आणि घरच्या माणसाचा अंगठा हवाय."

"घरात सुना चार आहेत," म्हातारा प्रथमच बोलला. "बोलव गं त्यांना."

त्या घरामागून आल्या, अंगणाला वळसा घालून, पायांचा आवाज न करता, आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून चटईवर बसल्या. चौघींचे झगे निळे, चौघींच्या खांद्यांवर घोंगडी, चौघींचे रुमाल भुवयांपर्यंत, चौघींच्या माना खाली. चार वेळा तीच बाई बसवावी तशा. वेझिवेने एकीवरून दुसरीवर नजर फिरवली. फॉर्मवरचा फोटो तिच्या पर्समध्ये होता, पण खाली घातलेल्या मानेशी फोटो कसा ताडायचा? तिने टाचा पाहिल्या. आठही टाचा भेगाळलेल्या होत्या.

"वतीस्वा," तिने हाक मारली. एकही रुमाल हलला नाही.

"काय लिहिलंय तिने?" म्हाताऱ्याने विचारलं.

वेझिवेकडे निबंधाची नक्कल होती. तिने उभं राहून वाचायला घेतलं, इंग्रजीतून आपल्या भाषेत आणत. गुरं वाऱ्याकडे पाठ करून उभी राहतात तेव्हा. पायवाट पांढरी असते त्या दिवसांत. पहिल्या काही ओळी मामबेले कपाळाला आठ्या घालून ऐकत होती. मग तिचा हात हळूहळू तोंडाकडे गेला. ती स्वतःही कधीकाळी या घरात सून म्हणून आली होती. ज्याचं नाव मी घेत नाही तो डोंगरावरून उतरतो, हे वाक्य आलं तेव्हा चारही माना आणखी खाली गेल्या, वारा आल्यावर गवत जातं तशा, आणि वारा तर मुळीच नव्हता. तो कुणाला मारत नाही. तो नुसता बसतो.

वाचणं संपलं. म्हाताऱ्याचे पांढरे डोळे कुंपणाकडे लागलेले होते.

"हे कुणी वाचलं तिकडे?"

"गोऱ्या माणसाने. त्याला वाटलं, हिला शब्द येत नाही."

"म्हणजे मार्क कापले?"

"थोडे कापले."

"कापले तरी घेतलं नाही नाव," म्हातारा स्वतःशीच म्हणाला. "मी तिथे होतो पण मला दिसत नाही, आणि वाचणारा इथून हजार किलोमीटरवर." त्याने मान तिरकी केली, त्या दिवशी वर्गात केली होती तशी. "चाळिसावी पेन्सिल दाराकडून वाजत होती. मला वाटलं, कुणीतरी गेलेलं माणूस येऊन बसलंय. आमच्या घरात तसं येतात."

मग त्याने काठी जमिनीवर आपटली आणि आवाज चढवला. "ऐका. जिने लिहिलं तिला जायचं असेल तर तिने माझं नाव घ्यावं. इथे, या कुंपणासमोर, सगळ्यांना ऐकू जाईल असं. पण एकदा नाव घेतलं की ती या घरची सून राहिली नाही. माझा मुलगा डिसेंबरात आला तरी नाही. विचार करून घ्या."

"अहो!" मामबेले ओरडली.

वेझिवेने मनात हिशोब मांडला. पोरीने नाव घेतलं तर सासर सुटणार, माहेरचे परत घेणार नाहीत, आणि केप टाउनच्या जागेचा अजून कागदसुद्धा हातात नव्हता. नाव नाही घेतलं तर हीच चटई, जन्मभर. घेऊ नकोस असं सांगावं की घे असं सांगावं, तिला कळेना. सूचना तेवढ्याच शब्दांत वाचायच्या, जास्त बोलायचं नाही, हा नेम तिने इतकी वर्षं पाळला होता, आणि त्या क्षणी तिला त्याची लाज वाटली.

धुकं अंगणात आलं. आधी कुंपण गेलं, मग गुरं गेली. भिंतीपाशी चार निळसर ढीग तेवढे उरले. किती वेळ गेला ते मोजणाऱ्या बाईने मोजलं नाही.

"विंटर."

आवाज बारीक होता, आणि कुठून आला ते कळलं नाही. एका सुनेने कानांवर हात घेतले. मामबेले मुसळ टाकून खाली बसली. धुक्यात एक गाय हंबरली.

पुन्हा आला, आता मोठा, स्वच्छ, शाळेत धडा वाचावा तसा. "विंटर सोंडलो."

म्हाताऱ्याची काठी हातातून निसटली. त्याचे ओठ हलत होते. त्याला नावाने हाक मारणारी सगळी माणसं केव्हाच जमिनीखाली गेली होती. गावाने त्याला ताता, म्हणजे बाबा म्हटलं, कुळाच्या नावाने हाक मारली, बायकोने कधी तेही म्हटलं नाही. तो ऐकत राहिला, पलीकडून कुणी पुन्हा बोलावतंय का हे ऐकल्यासारखा.

"आहे," तो शेवटी म्हणाला. "मी इथे आहे."

तिसरी सून उठली. घराला वळसा न घालता ती सरळ अंगणातून चालत आली, कुंपणासमोरून, आणि तिने रुमाल मागे सारला. सतरा वर्षांची पोर. डाव्या भुवईत जुनी खोक, ती फोटोतही होती. मान वर होती. वेझिवेने तिच्याकडे पोटभर पाहिलं, दोन महिन्यांपूर्वी पाहायला हवं होतं तसं, आणि तिला रडू आलं.

तिने मांडीवर पर्स ठेवून त्यावर कागद पसरला. मुलीचं नाव. फोटो ताडून पाहिला. साक्षीदाराची सही. पालकाचं नाव. एक रकाना राहिला, पालकाचं मुलीशी नातं.

"ताता," ती चाचरत म्हणाली, "इथे काय लिहू? सासरे तर आता लिहिता येत नाही. कुणीच नाही असं लिहिलं तर ऑफिस घेणार नाही."

"सून माझं नाव घेत नाही," म्हातारा म्हणाला. "लेकींना ती बंदी नसते. मला दोन होत्या, दोघी लहानपणीच गेल्या. अंगणात खेळताना मला विंटर विंटर म्हणून चिडवायच्या. आता हिने घेतलं. मग हिचा मी कोण, ते तुम्हीच सांगा. शिकलेल्या तुम्ही आहात."

मामबेले रडायला लागली. वेझिवेने 'वडील' असं लिहिलं. म्हाताऱ्याने शाई लावलेला अंगठा पुढे केला, पण कागद कुठे आहे ते त्याला दिसत नव्हतं, हात हवेतच फिरत राहिला. सुनेने सासऱ्याला शिवायचं नसतं. वतीस्वाने पुढे होऊन त्याचा हात धरला आणि अंगठा कागदावर टेकवला.